करवंटीतली आई

चिपळूणहून एका दहावीतल्या मुलाने लिहिले आहे. त्याच्याकडे दोन फुटांची काचेची टाकी आहे आणि तिच्यात काकाकुवा अपिस्टोची एक जोडी. मादीने दोनदा नारळाच्या करवंटीत अंडी घातली, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी करवंटी रिकामी. आता तिसऱ्यांदा अंडी आली आहेत. मासे विकणारा म्हणतो, अंडी काढून बरणीत ठेव, निळे औषध टाक, साठ-सत्तर पिल्ले सहज मिळतील. मोठी आपा म्हणते, आईपाशी राहू दे. आणि अब्बांनी बजावले आहे की या वेळी काही हाती लागले नाही तर परीक्षा होईपर्यंत टाकी माळ्यावर जाईल. शेवटी लिहिले आहे, 'अंडी कालच घातली आहेत, लवकर कळवा.'

आमचे मासिक महिन्याने निघते आणि ही अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, म्हणून त्या मुलाला आम्ही त्याच रात्री फोन केला. पण हा प्रश्न आम्हाला आधीही दोन-तीन घरांतून आला आहे. शिवाय आमच्या स्वतःच्या घरी हे मासे बारा-तेरा वर्षे आहेत आणि याच प्रश्नावरून दस्तरखानावर वाद झालेले आहेत. तेव्हा या वेळचे सदर त्यावरच.

सिक्लिड हे नाव परके वाटले तरी हे कुळ आपल्या ओळखीचे आहे. मंडईत मिळणारी चिलापी ही सिक्लिडच, मूळ आफ्रिकेची, १९५२ साली आपल्या देशात आणलेली. गोव्यात आणि तळकोकणात आवडीने खाल्ला जाणारा काळुंदर हाही सिक्लिड, आणि तो तर इथलाच. भारतात या कुळाच्या मूळच्या जाती तीनच आहेत. बाकीची बहुतेक बिरादरी आफ्रिका आणि अमेरिका खंडांत पसरलेली आहे. त्यांतल्या ज्या जाती बोटाएवढ्या किंवा त्याहून लहान राहतात त्यांना ड्वार्फ सिक्लिड म्हणतात. आपल्याकडच्या दुकानांत त्यांतले तीन प्रकार नेहमी दिसतात. रॅम, जो व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या गवताळ प्रदेशातला आहे. अपिस्टो, म्हणजे अपिस्टोग्रामा, ज्यातला काकाकुवा पेरूच्या बाजूच्या अमेझॉन खोऱ्यातून आला. नराच्या पाठीवरचे पर काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात म्हणून हे नाव. आणि क्रिबेन्सिस, जो नायजेरियाकडचा, मादीचे पोट पिकलेल्या जांभूळ-करवंदासारखे लालजांभळे.

या कुळाची खूण एकच, पिल्लांची राखण. टाकीतले बहुतेक मासे अंडी टाकून मोकळे होतात आणि मागे वळून स्वतःच ती खातात. सिक्लिड तसे करत नाहीत. चिलापीची मादी अंडी तोंडात धरून फिरते आणि तितके दिवस जवळजवळ उपाशी राहते. केरळच्या खाड्यांत सापडणारा नारिंगी क्रोमाइड, म्हणजे आपल्या काळुंदराचा लहान भाऊ, त्याची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत थर टोचून खातात. रॅममध्ये आई-बाप दोघे मिळून सपाट दगडावर अंडी घालतात आणि आळीपाळीने त्यांना पंखांनी वारा घालतात.

अपिस्टोची तऱ्हा निराळी. नर आठ-एक सेंटिमीटरचा, दिमाखदार, आणि त्याचे काम बाहेरची हद्द सांभाळण्याचे. घर मादीचे. ती पाच सेंटिमीटरची, एरवी फिकट, कोणाच्या नजरेत न भरणारी. करवंटीच्या छताला ती उलटी होऊन साठ-सत्तर लालसर अंडी चिकटवते, आणि त्या दिवसापासून तिचा रंग हळदीसारखा पिवळाधमक होतो, त्यावर काळे ठसठशीत डाग. ज्याने हे प्रथमच पाहिले त्याला वाटते दुसराच मासा टाकीत आला. ती दारात उभी राहून येईल त्याच्यावर धावून जाते. तुमचे बोट काचेला लागले तर बोटावरही. पिल्ले पोहू लागली की ती पुढे आणि मागे धुळीच्या कणांसारखा थवा. पंखाचा एक झटका दिला की सगळी पिल्ले एकदम तळाला बसतात, वाळूत दिसेनाशी होतात; दुसरी खूण केली की उठून मागे येतात. ही भाषा ती त्यांच्याशी दिवसभर बोलत असते. जिची अंडी गेली आहेत अशी मादी पाण्यात सोडलेल्या डॅफ्नियाच्या थव्यालाच पिल्ले समजून हाकत बसते, असेही पाळणाऱ्यांनी पाहिले आहे. आमच्या घरातल्या बायकांना या माशांची ओढ लागली ती रंगांमुळे नव्हे.

आता त्या मुलाचा प्रश्न. त्याला आम्ही पहिली गोष्ट विचारली ती ही, की करवंटी रिकामी झाली तेव्हा तू आजूबाजूला पाहिलेस का? अठ्ठावीस अंश तापमानाला अपिस्टोची अंडी तिसऱ्या दिवशी फुटू शकतात. फुटल्यावर आतून जे निघते ते पोहणारे पिल्लू नसते, पोटाला पिवळ्याची पिशवी असलेला एक वळवळता धागा असतो. मादी अशी पिल्ले तोंडात उचलून दुसरीकडे नेते, एखाद्या लाकडाखाली, झाडाच्या मुळाशी, वाळूत उकरलेल्या खड्ड्यात. दिवसातून दोन-तीनदा जागा बदलणारी मादीही आम्ही पाहिली आहे. म्हणजे रिकामी करवंटी हा अंडी खाल्ल्याचा पुरावा नव्हे. मादीचा रंग पाहावा. ती पिवळीधमक असेल आणि टाकीच्या एखाद्या कोपऱ्यात कोणाला फिरकू देत नसेल तर पिल्ले तिथे आहेत. ती पुन्हा फिकट पडून खाण्यामागे हिंडू लागली तर मात्र गेली. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, दोन्ही वेळा ती नंतर चार-पाच दिवस पिवळीच होती.

तेव्हा त्याची पिल्ले बहुधा आईने खाल्लीच नव्हती. ती पोहू लागल्यावर उपाशी मेली, किंवा फिल्टरने ओढून घेतली. त्याच्या टाकीत मोटारीचा फिल्टर आहे, तोंडाला जाळीसुद्धा नाही. पिल्ले असलेल्या टाकीत हवेवर चालणारा स्पंज फिल्टर हाच योग्य. तो स्वस्त आहे, पिल्ले ओढत नाही, आणि स्पंजावर बसलेले सूक्ष्म जीव टिपत पिल्ले तासन्‌तास त्याच्याभोवती रेंगाळतात.

मादी अंडी खातच नाही असे मात्र नाही. खाते, आणि बहुतेकदा कारणाने खाते. पहिलटकरीण असली तर पहिल्या एक-दोन खेपा अशा जातात. अंडी फळली नसतील, पांढरी पडली असतील, तर ती ठेवून उपयोग नाही हे तिला कळते. घरात पाहुणे आले, मुलांनी काचेवर टकटक केली, कोणी टाकीसमोर रात्री अचानक दिवा लावला, की ती घाबरून सगळे आवरून टाकते. टाकीत कोरीडोराससारखे तळाला फिरणारे मासे असतील तर रात्रीच्या अंधारात अंडी तेच फस्त करतात आणि नाव आईचे होते. यांतले एकेक कारण दूर करावे लागते. रात्री खोलीत अगदी मंद दिवा राहू द्यावा, म्हणजे तिला राखण करता येते.

आणि बरणी? अंडी काढून घेणे चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी घरोघरी मासे पैदा करून कुटुंबे चालतात. पोट ज्यावर आहे त्याने हिशोब पाहायचाच. बरणीत हवेचा बुडबुडा, मिथिलीन ब्लूचे दोन थेंब, आणि पिल्लांची संख्या वाढते. पण पिढ्यान्‌पिढ्या अशी वाढवलेली रॅम आज दुकानात मिळतात आणि त्यांतल्या कित्येक जोड्या अंडी घातली की लगेच गिळतात. अनुभवी पाळणाऱ्यांची समजूत अशी की आईबापांनी राखलेल्या पिल्लांतूनच पुढे राखण करणारे आईबाप निघतात, आणि बरणीत निवड होते ती फक्त रंगाची. आमचेही मत त्याच बाजूचे आहे. घरात जो दोन फुटांची टाकी ठेवतो त्याला साठ पिल्ले विकायची नसतात. त्याला पाहायचे असते ते हेच, की ती इवलीशी पिवळी आई काय करते. बरणीत ते दिसत नाही. म्हणून त्या मुलाला आम्ही सांगितले, आपाचे ऐक. सहाव्या दिवशी त्याचा निरोप आला की करवंटी रिकामी आहे, आणि पाठोपाठ दुसरा, की लाकडामागे काहीतरी हलते आहे.

आईवर सोपवायचे म्हणजे आपण काही करायचे नाही असा अर्थ कोणी काढू नये. तिचे काम ती करते. पाणी आणि पहिला घास ही दोन कामे आपली.

पाण्याबद्दल लोक दुकानात जाऊन बाटल्या विकत घेतात, आणि घरच्या नळाला काय येते ते पाहत नाहीत. रॅम आणि अपिस्टो हे मऊ, किंचित आंबट पाण्यातले मासे. जड पाण्यात ते जगतात, रंगही दाखवतात, पण अंडी फळत नाहीत. आपले पाणी जड आहे का हे ओळखायला यंत्र लागत नाही. साबणाला फेस येत नसेल, बादलीच्या काठाला पांढरे खवले धरत असतील, तर ते जड. कोकणातल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी मऊ असते, मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून येणारे पाणीही बऱ्यापैकी मऊ. अशा घरांनी काहीही मिसळायची गरज नाही. मराठवाड्यात बोअरचे पाणी ज्यांच्या नशिबी आहे त्यांनी एक तर पावसाचे पाणी साठवावे, छपरावरचा पहिला धुवा सोडून देऊन, किंवा आरओ मशीनच्या शुद्ध पाण्यात थोडे नळाचे मिसळावे. तेही जमणार नसेल तर रॅम-अपिस्टोच्या वाटेला न जाता क्रिबेन्सिस आणावा. तो मध्यम जड पाण्यात आनंदाने पिल्ले काढतो आणि नवशिक्याला सगळ्यांत जास्त माफ करतो. पाणी आंबट करण्यासाठी ॲसिडचे थेंब टाकण्याचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नये. पीएच एकदम खाली-वर झाला की मासा त्या धक्क्यानेच जातो.

त्यापेक्षा देशी बदामाची पाने. शाळेच्या, मशिदीच्या, एसटी स्टँडच्या आवारात हे झाड हमखास असते. गळून पडलेली, तांबडी होऊन वाळलेली पाने घ्यावीत, हिरवी तोडू नयेत, आणि जिथे फवारणी होते तिथली मुळीच नकोत. धुऊन एक-दोन पाने टाकीत सोडली की आठवड्याभरात पाणी फिक्या चहाच्या रंगाचे होते. परदेशात हीच पाने पाकिटात घालून विकतात. पाणी त्याने थोडे आंबट होते, अंड्यांवर बुरशी कमी धरते, आणि कुजत्या पानावर जे सूक्ष्म जीव वाढतात ते पिल्लांचा वरखाऊ होतात. घरातली मोठी माणसे विचारतील की टाकीचे पाणी मळके का. त्यांना सांगावे की या माशांच्या मुलखातल्या ओढ्यांचे पाणी असेच असते. शोभेसाठी संगमरवराचे पांढरे खडे आणि शिंपले मात्र टाकू नयेत, ते पाणी जड करतात. तळाला बारीक, धुतलेली नदीची वाळू पुरे.

करवंटीही विकत आणायला नको. अर्धी करवंटी घ्यावी, खोबरे आणि काथ्या खरवडून काढावा, दोनदा उकळावी आणि काठाला फक्त मादी शिरेल एवढे दार पाडावे. एका मादीला निदान दोन करवंट्या. निवड तिला करू द्यावी.

नवी टाकी भरली आणि त्याच दिवशी जोडी आणून सोडली, असे करणाऱ्यांचे मासे पहिल्या पंधरवड्यात मरतात आणि दोष दुकानदाराला मिळतो. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो पचवून आधी नायट्राइट आणि मग त्यातल्या त्यात निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजावर आणि वाळूत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तितका सब्र ज्याला नाही त्याने हे मासे आणू नयेत, कारण रॅमइतका नाजूक मासा नव्या पाण्यात टिकत नाही. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरला की क्लोरीनने जिवाणू मरतात. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे, नवे पाणी अँटिक्लोरीन घालून आणि एक रात्र ठेवून. काढलेले पाणी कुंड्यांना घाला, गुलाब खूश होतो.

खाण्याचे. पिल्ले पोहू लागतात त्या सकाळी त्यांना कोरडी पूड चालत नाही. हलणारे, जिवंत, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढे काही लागते. आर्टेमियाची अंडी दुकानात सुटी मिळतात. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे खडे मीठ, पाव चमचा अंडी, एअर पंपाची नळी, आणि प्लास्टिकची बाटली उलटी टांगून उजेडात ठेवायची. दीड दिवसात नारिंगी ठिपके पोहू लागतात. ते कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन, दिवसातून तीन-चारदा थोडे थोडे द्यावेत. पिल्लांचे पोट नारिंगी दिसले की समजावे मिळाले. पहिली बाटली अंडी घातल्याच्या पाचव्या दिवशी लावावी, म्हणजे वेळेवर तयार होते. त्या मुलाची आधीची दोन्ही पिढ्या इथेच गेली असावी, त्याने ब्रेडचा चुरा टाकला होता. रॅमची पिल्ले याहून बारीक असतात, त्यांना पहिले तीन-चार दिवस हिरव्या पाण्यातले सूक्ष्म जीवच लागतात; म्हणूनही आम्ही पहिल्यांदा रॅम घ्यायला सांगत नाही.

रमजानात घराचे वेळापत्रक उलटेपालटे होते. सहरीला दिवे लागतात, दुपारी सामसूम. माशांच्या दिव्याला टायमर लावून द्यावा आणि त्यांचे दिवस-रात्र आपल्याबरोबर फिरवू नयेत. ईदला चार दिवस गावी जायचे असेल तर मोठे मासे आठवडाभर न खाता राहतात, शेजाऱ्यांच्या हाती डबा देऊन जाणे जास्त धोक्याचे. मायेने अर्धा डबा ओतला जातो. पिल्ले लहान असतील तर मात्र एकाने घरी थांबावे. वीज जाते त्या गावांत बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच.

नराविषयी एक गोष्ट राहिली. अंडी घातल्यावर दोन फुटांच्या टाकीत मादी त्यालाही शत्रू समजते. निसर्गात तो दूर जाऊ शकतो, इथे काच आडवी येते. लाकूड आणि झाडे लावून टाकीचे दोन भाग करावेत, की त्याला दुसऱ्या टोकाला तिच्या नजरेआड राहता येईल. त्याचे पर फाटलेले दिसले, तो वरच्या कोपऱ्यात चिकटून राहू लागला, तर त्याला बाहेर काढावे. अपिस्टोची मादी एकटी पिल्ले वाढवू शकते. रॅम आणि क्रिबेन्सिसमध्ये मात्र बापाला हलवू नये, तिथे संसार दोघांचा असतो. पाण्याच्या वरच्या थरात पोहणारे पाच-सहा लहान मासे सोडले तर नवरा-बायकोचे आपसातले भांडण कमी होते, कारण दोघांना मिळून हुसकायला कोणीतरी मिळते. हे माशांपुरतेच लिहीत आहोत.

पिल्लांत नर किती आणि माद्या किती हे पाण्याच्या उबेवरही ठरते. जर्मनीतल्या उवे र्योमर आणि वोल्फगांग बाइसेनहर्त्स यांनी अपिस्टोच्या अनेक जाती वेगवेगळ्या तापमानांत वाढवून १९९६ साली हे दाखवून दिले. पाणी जास्त गरम राहिले की नर वाढतात, गार राहिले की माद्या. कोकणात एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी तिशीवर जाते, तेव्हाच्या खेपेत नरच जास्त निघतील. सव्वीसच्या आसपास ठेवता आले तर दोन्ही मिळतात.

महिना-दीड महिन्याने आई पुन्हा अंड्यांच्या तयारीला लागते आणि कालची लाडकी पिल्ले तिला अडचण वाटू लागतात. त्यांना तेव्हा दुसऱ्या टाकीत हलवावे. तीन-चार महिन्यांत नर-मादी ओळखू येतात. साठांतली पंधरा-वीस जगली तरी ती दोन फुटांत मावणार नाहीत, म्हणून ती कोणाकडे जाणार हे अंडी येण्याआधीच ठरवलेले बरे. दुकानदार घेतो, शाळेतले मित्र घेतात. वाशिष्ठीत किंवा गावच्या तळ्यात सोडून देणे ही दया नव्हे. ते मासे तिथे मरतील, आणि न मेले तर त्याहून वाईट. चिलापीने आपल्या तळ्यांचे काय केले ते कोणत्याही जुन्या मच्छीमाराला विचारावे. भाऊ-बहिणीचीच जोडी पुढे लावू नये, एक नर किंवा मादी दुसऱ्या घरातून आणावी.

चिपळूणच्या टाकीत हे लिहीपर्यंत एकोणीस पिल्ले मोजली आहेत. अब्बांनी मोजली, असे आपाने कळवले. त्या मुलाने विचारले आहे की मित्राला तीन द्यायची आहेत, कशी न्यायची. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा, आदल्या दिवशी खाणे बंद, आणि तिकडे पोहोचल्यावर पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तिच्यात थोडे थोडे नवे पाणी घालत राहायचे. पण त्याआधी मित्राची टाकी किती आठवडे चालू आहे ते विचार.